डाटाची पंगत

मोबाईलमधला उरलेला डाटा रोज रात्री बारा वाजता मरतो, हे मला कळलं त्या दिवशी मी दोन भाकरी कमी खाल्ल्या. (उरलेल्या चार खाल्ल्या. दुःख झालं म्हणून अन्नाचा अपमान करू नये.)

तुम्ही म्हणाल, डाटा मेला तर मेला, त्यात एवढं काय? पण तुम्ही मला ओळखत नाही. हसनाबाद आणि आजूबाजूच्या गावांत लग्न असो, डोहाळेजेवण असो, सप्ताहाचा भंडारा असो, वाढायला उभा राहणारा पहिला माणूस म्हणजे मी, बबन. गेली पंचवीस वर्षं मी पंगतींचा सेनापती आहे. माझ्या पंगतीतून कुणी अर्धपोटी उठलेलं नाही आणि माझ्या पातेल्यात चमचाभर वरण उरलेलं नाही. शेवटची पंगत उठली की मी पातेल्यात डोकावतो. तळ चकाचक दिसला की मला देवदर्शन झाल्यासारखं वाटतं. एकदा बुंदीचे नऊ लाडू उरले होते, तर मी मोटारसायकलवर भोकरदनपर्यंत जाऊन वाटेत भेटेल त्याला लाडू चारले होते. एका ट्रॅफिक हवालदारानं मला थांबवलं; त्याला दोन दिले. सोडलं.

अशा माणसाच्या खिशात मोबाईल कंपनी रोज दोन जीबी डाटा वाढते आणि बारा वाजता ताट उचलून नेते!

माझा डाटा संपायचाच नाही हो. सकाळी नातेवाइकांना गुलाबाच्या फुलासकट सुप्रभात घालायचं, दुपारी मोसंबीचा भाव पाहायचा, संध्याकाळी हवामान पाहायचं (हवामानवाला म्हणेल त्याच्या उलटं धरून चालायचं). बास. रोज दीड-पावणेदोन जीबी तसाच पडून. मी सरळ कंपनीला फोन लावला. पाऊण तास सनई ऐकवल्यावर एक गोड आवाजाची मुलगी आली.

"सर, मी आपली काय मदत करू शकते?"

"बाई, माझा कालचा डाटा उरला होता. तो कुठंय?"

"सर, तो एक्स्पायर झाला."

"अरेरे! कशानं?"

"सर, त्याची वैधता एकच दिवस असते."

"एक दिवस तर दूधसुद्धा टिकतं, बाई! नासलं तर आम्ही त्याचा खरवस... न्हाई, कलाकंद करतो. तुम्ही उरलेल्याचं काय करता?"

"सर, काही करत नाही. तो संपतो."

"संपतो कसा? मी तर खाल्ला न्हाई. मंग कुणी खाल्ला?"

मुलीनं मला पुन्हा सनईला जोडून दिलं.

पहिले आठ दिवस मी तो एकट्यानं संपवायचा प्रयत्न केला. समुद्रातल्या आठ पायांच्या प्राण्याचं बाळंतपण पाहिलं. रशियात रस्त्यावरचा बर्फ कसा काढतात ते पाहिलं (हसनाबादेत बर्फ फक्त रसवंतीवर असतो). हत्तीचे दात कसे घासतात तेही पाहिलं. आठव्या दिवशी डोळे इतके लाल झाले की शेतात बैलानं माझ्याकडं पाहून मान खाली घातली.

"डोळे पाहा आरशात," सुरेखा म्हणाली. सुरेखा म्हणजे आमची बायको. "एवढाच उरतोय तर माझ्या फोनमधे तरी डाटा टाकून द्या ना. मला नुसतं बोलायचंच पॅक मारून दिलंय."

"माझाच उरून राह्यलाय आणि अजून एक घेऊ? एका घरात दोन फोनला डाटा म्हणजे दोन माणसांना वीस माणसांचा स्वयंपाक!"

"मंग तुमचा मला द्या."

"देईन ना. मागत जा."

ती मागायला यायची तेव्हा मी हत्तीचे दात पाहत असायचो.

समोरच मोतीशेठचं किराणा दुकान. शेठ मूळचे राजस्थानचे, पण चार पिढ्या इथल्याच मातीत गेल्या. भांडायला लागले की अस्सल भोकरदन तालुका. त्यांच्याशी माझा या विषयावर रोज वाद.

"बबनभाऊ, डाटा म्हणजे केळी समजा. आज घेतली, आज खाल्ली न्हाई, उद्या काळी पडली. दुकानदाराचा काय दोष?"

"केळी काळी पडली तर दिसती तरी, शेठ! म्हशीला घालता येती. डाटा म्हणजे ज्वारी हाय. पैसे देऊन घेतली, कणगीत भरली, आता मी सहा महिन्यांनी दळीन न्हाईतर वर्षानं. तुम्ही रात्री येऊन कणगी झाडून नेणारे कोण?"

"मी न्हाई नेत, कंपनी नेती."

"तुमच्यासारख्यांनी केळी केळी म्हणून डोक्यावर बसवली म्हणून नेती!"

शेठ हसले आणि सहज बोलून गेले, "एवढा जीव तुटतो तर वाटून टाका ना गल्लीत. हॉटस्पॉट चालू करा."

बाबांनो, त्या क्षणी माझ्या डोक्यात अशी वीज चमकली की समोरच्या डबीतली जिरं-मोहरी वेगवेगळी दिसली! पंगतीतलं उरलेलं अन्न आपण काय करतो? फेकतो का? गल्लीत वाटतो! मंग डाटानंच काय पाप केलं?

दुसऱ्या दिवसापासून आमच्या ओट्यावर डाटाची पंगत सुरू झाली. वेळ संध्याकाळी सहा ते सात. पासवर्ड 'पोटभर'. पहिल्या दिवशी दोघं आले, आठव्या दिवशी ओटा भरला, महिन्याभरात सतरंजी टाकावी लागली. शेजारच्या गोदाकाकू कीर्तन पाहायच्या, शेठ कुठल्या कुठल्या बाजाराचे भाव पाहायचे, कुणी मुंडावळ्या कशा बांधायच्या ते पाहायचं, कुणी कुस्त्या. आणि मी? मी रांगेतून फिरायचो!

"काकू, बराबर येतंय ना? लाजू नका, अजून एक कीर्तन घ्या!"

"बास रे बबन, झालं माझं."

"असं कसं झालं? छोटंसं एक भारूड तरी घ्या!"

"शेठ, तुमचं अडकून राह्यलं का? मोबाईल जरा वर धरा, इकडून गरम गरम येऊन राह्यलं!"

आणि शेवटी मधोमध उभा राहून खणखणीत आवाजात, "सावकाश होऊ द्या मंडळी!"

सात वाजता मी शिल्लक बघायचो. तळ दिसला की छाती भरून यायची. मला वाटायचं, आता भारतातल्या सगळ्या गल्ल्यांनी हेच केलं तर मोबाईल कंपन्या रडत येतील आणि म्हणतील, बबनराव, माफ करा, उरलेला ठेवा तुमच्यापाशी. तीन महिने हे राज्य चाललं.

आणि मग विलासचा फोन आला. विलास म्हणजे माझा धाकटा भाऊ, बंगळुरूला नोकरीला असतो.

"दादा, पोरगी झाली!"

आता यात कोणाला काही विशेष वाटणार नाही. पण विलासच्या लग्नाला अकरा वर्षं झाली होती. अकरा वर्षांत दवाखाने झाले, देव झाले, नवस झाले. शेवटी त्याच्याशी कुणी हा विषयच काढत नव्हतं. त्यामुळे ओट्यावर मी एकदम खालीच बसलो आणि सुरेखा देवापुढं साखर ठेवायला गेली ती डोळे पुसत बराच वेळ तिथंच थांबली.

सगळ्यात जास्त वेडी झाली ती आक्का. आक्का आम्हां दोघांची मोठी बहीण, दिली जांब समर्थला. बाळाच्या कानात नाव सांगायचा मान आत्याचा आणि विलासच्या पोरीची आत्या म्हणजे पृथ्वीतलावर ही एकच. तिनं त्याच दिवशी बंगळुरूचं तिकीट काढायला लावलं आणि आमचा जुना पाळण्याचा दोर सोबत न्यायचा म्हणून मोसंबीच्या क्रेटवर क्रेट ठेवून माळ्यावर चढली. दोर सापडला. क्रेट सरकला. आक्का गुडघ्यापर्यंत प्लॅस्टरमधे!

तिला मी आमच्या घरी आणलं. खाटेवर पाय उशीवर ठेवून ती पडलेली आणि तोंडानं एकच जप.

"मला काही सांगू नको, बबन. विलास्याच्या पोरीच्या कानात नाव गेलं तर माझ्याच तोंडातून जाईल. अकरा वर्षं झाले मी नाव जपून ठेवलंय. तुमच्या दाजींना सुद्धा सांगितलं न्हाई."

"मला तर सांग."

"तुला सांगितलं तर गावजेवणात वाढशील."

विलासनं फोनवर तोड काढली. बाराव्या दिवशी संध्याकाळी सात वाजता आक्कानं व्हिडिओ कॉल करायचा, तो फोन बाळाच्या कानाला लावणार, आक्कानं नाव सांगायचं. सगळ्यांना ही योजना फारच पसंत पडली. (पुन्हा वाचा. त्या वेळी आम्हां कुणालाच त्यात काही वावगं दिसलं नाही.)

"आणि दादा, नेटचं बघून ठेव बरं. इथं सोसायटीतल्या रोहिणी मॅडम म्हणून राह्यल्यात की अडचण आली तर मी आत्या म्हणून उभी राहते. गुरुजींना साडेसातला दुसरीकडं जायचंय."

राखीव आत्या! क्रिकेटमधला बारावा खेळाडू असतो तशी! आक्काला हे कळलं तेव्हा प्लॅस्टरमधला पायसुद्धा थरथरला.

"कोण ही रोहिणी? हिला काय म्हाईत नाव? बबन, तुला सांगून ठेवते. सात वाजता फोन लागला न्हाई तर मी या जन्मात तुझ्या घरचं पाणी पिणार न्हाई."

"आक्का, तू बिलकुल काळजी करू नको. डाटाच्या बाबतीत तुझा भाऊ म्हणजे..."

"म्हणूनच काळजी हाय," सुरेखा आतून म्हणाली.

बारसं उजाडलं. सकाळीच मी ओट्यावर उभा राहून दवंडी दिली, "आज पंगत बंद! घरचं कार्य हाय!" आणि दिवसभर फोनला हात लावला नाही. कुणाला गुलाबाचं फूल पाठवलं नाही, मोसंबीचा भाव पाहिला नाही. डाटाचा कडकडीत उपास! चार वाजता शिल्लक पाहिली. दोनातला पावणेदोन जीबी जसाच्या तसा!

इथंच माझ्या डोक्यात किडा शिरला.

"शेठ," मी समोर आवाज दिला, "व्हिडिओ कॉलला किती डाटा लागतो हो?"

"अर्ध्या तासाला पाव जीबी. फार तर."

म्हणजे दीड जीबी उरणार! म्हणजे बारा वाजता तो मरणार! अकरा वर्षांनी घरात पाळणा हललेला, आणि त्याच दिवशी दीड जीबीची मयत? शुभ दिवशी? माझ्याच खिशात? छे! मी खूप विचार केला (माझ्या मानानं खूप, तीन-चार मिनिटं) आणि ठरवलं, की मरणारच आहे तर आधीच वाढून टाकू. बरोबर पाच ते सहा, हलकीशी पंगत. नुसता नाष्टा म्हणा ना.

"पंगत चालू झाली हो!" मी ओरडलो. गल्लीतली माणसं कडी काढून तयारच असल्यासारखी आली. मला वाटतं त्यांना माझा स्वभाव माझ्यापेक्षा जास्त माहीत होता.

गोदाकाकूंना मुलानं नवीन फोन घेऊन दिला होता. त्या म्हणाल्या, "बबन, हे बघ रे काय विचारून राह्यलंय. महिना झाला रोज विचारतंय, मी रोज 'नंतर' म्हणते."

मी पाहिलं. "काकू, हा म्हणतो मला अपडेट करू का?"

"मंग काय करू?"

आता तुम्हीच सांगा. महिनाभर भुकेलेला जीव पानावर बसून वाढा म्हणतोय, आणि पंचवीस वर्षांचा वाढपी त्याला 'नंतर' म्हणेल?

"काकू, भुकेल्याला विचारत बसायचं असतं का? होऊ द्या!" आणि मी स्वतःच्या बोटानं 'हो' दाबलं.

"माझा बी विचारून राह्यलाय," शेठ म्हणाले.

"आणा!"

"माझा पण!"

"आणा, आणा! आज कुणाला न्हाई म्हणायचं न्हाई!"

मी रांगेतून 'हो' वाढत गेलो. सात फोन होते. सातही फोनांनी माना खाली घातल्या आणि जेवायला सुरुवात केली. फोन असा एका जागी बसून एवढा खातो, हे मला ठाऊकच नव्हतं; मला वाटलं अपडेट म्हणजे चटणी-कोशिंबीर. सहाच्या ठोक्याला मी पंगत बंद केली आणि आक्काची खाट बाहेरच्या खोलीत आणायला गेलो. शिल्लक पाहिली नाही. वाढप्यानं उठताना पातेल्यात डोकवायचं हा माझाच नियम, पण त्या दिवशी घाईत मीच मोडला.

सात वाजले. आक्का पैठणी नेसून खाटेवर, प्लॅस्टरला हळद-कुंकवाची बोटं, नाकात नथ. भोवती गल्लीतल्या सगळ्या बायका. आमच्याकडं नाव सांगून झालं की आत्याच्या पाठीत बुक्क्या घालायची पद्धत आहे, तेव्हा सगळ्या बाह्या सरसावून तयार. मी फोन लावला. लागला! पडद्यावर विलास, त्याची बायको, गुरुजी, पाळणा आणि पाळण्यात ते एवढंसं गाठोडं.

"अगं बाई," आक्का म्हणाली आणि तिनं पदर डोळ्याला लावला. "अगं, नाक तर आमच्या आईचं हाय!"

"आक्का, रड नंतर," विलास म्हणाला. "गुरुजी म्हणतात चला. मी फोन कानाला..."

आणि विलास थांबला. तोंड उघडं, एक डोळा मिटलेला. गुरुजींचा हात हवेत. पाळणा एका बाजूला गेला तो तिकडंच. जगबुडी झाली आणि सगळे जागच्या जागी दगड झाले, असं ते चित्र. वरून एक चिठ्ठी सरकत आली: आपण आजचा शंभर टक्के डेटा वापरला आहे.

मी तीनदा वाचली. चौथ्यांदा आक्कानं वाचली.

"बबन," ती इतक्या हळू म्हणाली की बायका दोन पावलं मागं सरकल्या, "पावणेदोन जीबी होता म्हणून सांगितलं होतंस."

"होता."

"मंग कुठं गेला?"

माझी नजर आपोआप गोदाकाकूंच्या फोनकडं गेली. तो अपडेट होऊन लखलखत होता.

"अहो..." सुरेखा म्हणाली.

"तू थांब! ही डाटाची गोष्ट हाय. काकू, तुमचा डाटा द्या जल्दी! हॉटस्पॉट करा!"

"माझा कुठला डाटा?" काकू म्हणाल्या. "तू रोज वाढून राह्यलास तर मी कशाला घेऊ? मी दोन महिने झाले नुसतं बोलायचंच पॅक मारते."

"शेठ!"

मोतीशेठ दारात होते. त्यांनी पायाच्या अंगठ्यानं जमीन उकरली. "बबनभाऊ, खोटं कशाला बोलू? घरासमोर पंगत चालू असताना घरी चूल कोण पेटवतं?"

मी एकेकाकडं पाहिलं. एकेकानं मान खाली घातली. अहो, मी डाटा वाचवायच्या नादात अख्ख्या गल्लीचा डाटा बंद पाडला होता! माझ्या दोन जीबीवर सात घरं जगत होती, आणि त्या दोन जीबीचा मी नाष्टा करून टाकला होता!

"शेठ, तुम्ही तर रिचार्ज मारता ना दुकानात? मारा माझ्यावर! मोठ्यातलं मोठं मारा!"

"मारतो की," शेठ म्हणाले आणि जागचे हलले नाहीत. "फक्त रिचार्ज मारायला नेट लागतं."

"मंग रोज कुठल्या नेटवर मारता?"

"तुमच्याच."

"अहो, ऐका तरी..." सुरेखा.

"अगं थांब ना! हितं आभाळ फाटलंय!"

तेवढ्यात माझा फोन वाजला. विलास! साधा फोन. मी झडप घातली.

"दादा, काय झालं? एकदम बंद पडलं!"

"विलास, घात झाला रे! नेट गेलं! तुझ्याशी संपर्कच होत न्हाई!"

"आता काय करायचं? गुरुजी चप्पल शोधून राह्यले. रोहिणी मॅडम पाळण्यापाशी येऊन उभ्या पण राह्यल्या."

"तिला म्हणाव एक पाऊल पुढं टाकू नको!" आक्का खाटेवरून गरजली.

"आक्का म्हणती तिला मागं सरकव! विलास, नीट ऐक. काहीतरी कर. तुझ्यापर्यंत आवाज पोहोचवायचा काहीतरी रस्ता काढ! आमचा आवाज तिकडं येतच न्हाई ना!"

"दादा, इथून मी काय करू? तूच काढ रस्ता!"

"मी भोकरदनला जाऊ का? तिथं नेट हाय. आक्काला टेम्पोत टाकतो!"

"दहा मिनिटांत?"

"मंग गुरुजींना धरून ठेव! चप्पल लपव त्यांची!"

असे आम्ही दोघं भाऊ, एक हसनाबादेत, एक बंगळुरूत, एकमेकांशी चांगली पाच मिनिटं खणखणीत आवाजात बोलत होतो की एकमेकांशी बोलायचं तरी कसं. आक्का पदरात तोंड घालून रडायला लागली. अकरा वर्षांची जपणूक, आणि भावानं ती कुणाच्या तरी अपडेटमधे घातली. खरं सांगतो, त्या क्षणी जमीन दुभंगली असती तर मी आत उडी मारून वरून झाकण लावून घेतलं असतं.

तेव्हा सुरेखा सरळ माझ्यासमोर येऊन उभी राहिली. कमरेला पदर खोचलेला.

"अहो, तुम्ही आता कोणाशी बोलून राह्यलात?"

"विलासशी!"

"कशावर?"

"फोनवर! दिसत न्हाई का?"

"त्यांचा आवाज येतोय?"

"स्पष्ट येतोय!"

"त्यांना तुमचा जातोय?"

"जातोय ना!"

"मंग तोच फोन आक्कांच्या हातात द्या की! नाव पोरीच्या कानात सांगायचंय. कानाला काय चित्र दिसतं?"

खोलीत अशी शांतता पसरली की प्लॅस्टरच्या आत आक्काच्या पायाला खाज सुटल्याचं ऐकू आलं.

मी विलासला विचारलं, "ऐकलंस?"

"ऐकलं," विलास म्हणाला. तो इंजिनियर आहे. मग म्हणाला, "दादा, वहिनींना म्हणाव हे कुणाला सांगू नका. लावतो फोन कानाला."

आता इथं मी नुसता फोन आक्काच्या हातात द्यायचा होता. एवढंच! पण पंचवीस वर्षांची सवय. वाढायच्या आधी बरोबर पोहोचतंय का बघायची. मी फोन तोंडाशी धरला आणि मंडपातल्या शेवटच्या पानापर्यंत जाईल अशा आवाजात ओरडलो,

"हॅलो! हॅलो! येतोय का आवाज?"

पलीकडून पहिल्यांदा काहीच आलं नाही. मग आली ती किंकाळी! बारा दिवसांच्या जिवाच्या अंगात एवढी ताकद कुठून येते देव जाणे. मागून विलासचा आवाज, "दादा! कानालाच लावला होता!"

आक्कानं माझ्या हातातून फोन हिसकावला. डोळे पुसले, नथ सरळ केली आणि फोनच्या भोवती दोन्ही हातांचा आडोसा करून, आम्हांला जेमतेम ऐकू येईल इतक्या हळू बोलली, "कुर्रर्र... गिरिजा. गिरिजा, माय माझी. मी तुझी आत्या."

आणि खरं सांगतो, तिकडचं रडणं थांबलं. एकदम. विलास म्हणाला, "आक्का, ही हसून राह्यली!" (बारा दिवसांचं मूल हसत नाही, हे मलाही माहीत आहे. पण आक्काला सांगायची कुणाची हिंमत होती?) आक्का हसली, रडली, पुन्हा हसली आणि रोहिणी मॅडमला फोनवरून साडी कबूल करून मोकळी झाली.

आता राहिला बुक्क्यांचा मान. गोदाकाकूंनी आक्काकडं पाहिलं, प्लॅस्टरकडं पाहिलं.

"हिला कशी मारायची गं? पाय हलला म्हणजे?"

"मंग?" कुणीतरी विचारलं.

"पहिला आवाज कानात कोणाचा गेला?" सुरेखानं शांतपणे विचारलं.

सगळ्या बायका एका वेळी माझ्याकडं वळल्या.

मी सांगतो, पंगतीत मी कधी कुणाला कमी वाढलं नव्हतं, आणि त्यांनीही मला कमी वाढलं नाही. गोदाकाकूंचं वय सत्तर, पण बुक्की पंचविशीतली! सुरेखानं आपल्या वाटणीची घातली आणि मग तीन महिन्यांची बाकीही वसूल केली. मोतीशेठ दारात टाळ्या वाजवून राह्यले होते. मी वाकून म्हणत होतो, "बास, बास, झालं माझं!" आणि वरून आवाज येत होते, "असं कसं झालं? लाजू नका, अजून एक घ्या!"

दुसऱ्या दिवशी गल्लीतल्या सातही घरांत आपापला डाटा आला आणि सुरेखाच्या फोनमधे सगळ्यात मोठा. उरलेला डाटा कंपनीनं जपून ठेवला पाहिजे, असं माझं मत आजही ठाम आहे. फक्त ते आता मी घरात मोठ्यानं मांडत नाही.

गिरिजा दहा महिन्यांची झाली. दोन दात आलेत, भिंत धरून उभी राहते. विलास रोज संध्याकाळी व्हिडिओ कॉल लावतो. आक्का दिसली की ती नाचते, सुरेखा दिसली की टाळ्या वाजवते. आणि माझं 'हॅलो' कानावर पडलं की दोन्ही हातांनी आधी कान झाकते आणि मग सरपटत येऊन पडद्यावरचं लाल बटण बराबर दाबते. कुणी शिकवलेलं नाही. डाटा वाचवायची एवढी साधी युक्ती मला पन्नास वर्षांत सुचली नव्हती!